पाचव्या पातळीची रजा

विहीर-नोंदणी महासंचालनालयातली गुप्त माहिती संगणकावर कुणी पाहायची आणि कुणी नाही, हे ठरवणाऱ्या समितीची पहिली बैठक अडीच तास चालली. त्यातले दोन तास, आपल्याकडे गुप्त असं नेमकं आहे तरी काय, हे शोधण्यात गेले.

मंत्रालयाचं परिपत्रक स्पष्ट होतं. प्रत्येक कागदाला एक ते पाच यांपैकी एक पातळी द्यायची. पहिल्या पातळीचा कागद कुणीही पाहावा, पाचव्या पातळीचा अख्ख्या कार्यालयात एकाच माणसाने. कागद संगणकात चढवले की मूळ फायली कैरोबाहेर वाळवंटातल्या गोदामात पाठवायच्या. तिथे गेलेली फाइल परत आल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"माझं टपाल पहिल्या पातळीत?" आवक-जावक सांभाळणाऱ्या इन्शिराहबाई उसळल्या. "बावीस वर्षं मी काय भाजीच्या याद्या नोंदवतेय का?"

"दुसरी देऊ या बाईंना," समितीचे अध्यक्ष फतहल्ला शर्नूबी म्हणाले. ते दप्तर विभागाचे प्रमुख.

"नकाशेवाल्यांना चौथी आणि मला दुसरी? त्यांच्या नकाशांत पुड्या बांधून मिळतात बाजारात!"

इन्शिराहबाईंना तिसरी मिळाली. मग नकाशेवाल्यांनी चौथीवर समाधान मानायचं नाकारलं. सरतेशेवटी पहिल्या पातळीत उरलं ते फक्त चहाच्या खोलीतलं दरपत्रक. कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक फायली पाचव्या पातळीत टाकाव्यात असा आग्रह मात्र खुद्द फतहल्लासाहेबांनी धरला, आणि असा काही धरला, की एरवी त्यांच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारी मंडळीही मुकाट्याने माना डोलवू लागली. उलट सगळ्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं.

आठवडाभरात परिणाम दिसू लागले. फय्यूमहून एक शेतकरी स्वतःच्या विहिरीची खोली विचारायला आला. ही माहिती देता येत नाही, असं त्याला सांगण्यात आलं. "अहो, एकतीस मीटर आहे, मीच खणलीय. फक्त शिक्का मारून द्या," तो म्हणाला. तेव्हा हा आकडा त्याला कुठून कळला, याबद्दल त्याचा लेखी जबाब घेण्यात आला. इन्शिराहबाईंना स्वतःची जन्मतारीख पाहायची परवानगी उरली नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही. इतकी वर्षं जे त्यांना एकटीला जमलं नव्हतं ते सरकारने करून दाखवलं होतं.

आता प्रश्न होता, पाचव्या पातळीचा तो एक माणूस कोण? फतहल्लासाहेबांनी त्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता. पण मंत्रालयाचा इंजिनियर आला तो साबणाच्या वडीएवढं एक यंत्र घेऊन. त्यावर अंगठा टेकला की पाचवी पातळी उघडायची, आणि अंगठा एकदा नोंदवला की तो बदलायला मंत्रालयाची परवानगी लागायची.

"यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याचाच अंगठा," इंजिनियर म्हणाला. "चला, ताब्याच्या वहीत सही कोण करतंय?"

सरकारी नोकरी म्हणजे काय ते ताब्याची वही शिकवते. त्यात एखाद्या खुर्चीसाठी सही केली, की ती खुर्ची मोडल्यावरही तुमचीच, आणि चोरीला गेली तर फारच तुमची. महासंचालक डॉ. रुश्दी यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. फतहल्लासाहेबांचा हात पेनापर्यंत गेला, आणि त्यांना तो पंखा आठवला. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या ताब्यातला एक टेबल-पंखा गायब झाला होता, आणि त्यापायी तीन चौकशा झाल्या होत्या. तिसऱ्या चौकशीत तर त्यांना पंख्याचं चित्र काढायला लावलं होतं. हात आपोआप खिशात गेला.

"आपल्याकडे वस्तूंचा ताबा असतो कुणाकडे?" डॉ. रुश्दींनी खिडकीलाच विचारलं.

"अम्म बयूमींकडे!" सगळे एका सुरात म्हणाले.

अम्म बयूमी, म्हणजे अवघ्या कार्यालयाचे काका, चहाच्या खोलीचे मालक. दोन किटल्या, एक्केचाळीस खुर्च्या, राष्ट्रध्वज, आग विझवायचं नळकांडं आणि डॉ. रुश्दींच्या केबिनमधला सोफा, हे सगळं त्यांच्या नावावर होतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, हात पुसले, वहीत किटलीखालच्या ओळीत सही केली आणि यंत्रावर अंगठा टेकला. मग इंजिनियरने गोपनीयतेचं प्रशिक्षण सुरू केलं. जेवायची वेळ झाल्याने एकेक जण सटकला. दोन तासांचं ते प्रशिक्षण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा एकच माणूस होता.

"पाहायचं फक्त तुम्ही," इंजिनियर शेवटी म्हणाला. "सांगायचं कुणालाच नाही. ज्याची फाइल त्यालाही नाही. कळलं?"

"मुला, बत्तीस वर्षं मी या लोकांच्या बैठकांत चहा नेतोय," अम्म बयूमी म्हणाले. "आजवर काही बोललोय का?"

ते खरंच होतं. म्हणून तर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी, शुक्रवार-शनिवारची सुटी संपल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास, फतहल्लासाहेबांचा फोन वाजला. पलीकडून आधी त्यांच्या पत्नी करीमाबाईंचा आनंदाचा चीत्कार आला, त्यापाठोपाठ शेजारणींचा.

"निघालं! फतहल्ला, आपलं नाव निघालं! हजच्या सोडतीत, दोघांचं!"

अकरा वर्षं हे जोडपं सोडतीत नाव घालत होतं. करीमाबाईंच्या गुडघ्यांनी आता काढता पाय घ्यायला सुरुवात केली होती, आणि "पुढच्या वर्षी" हे शब्द त्या हल्ली फार हळू उच्चारायच्या. फतहल्लासाहेबांचे डोळे भरून आले. ते भरल्या डोळ्यांनी उठले, इन्शिराहबाईंनी पेढ्यासारखी वाटलेली रव्याची बसबूसा त्यांनी तोंडात टाकली, आणि ती घशातच अडकली. कारण फोन ठेवता ठेवता करीमाबाई म्हणाल्या होत्या, "गुरुवारी दुपारी बारापर्यंत हजच्या कचेरीत तुझ्या ऑफिसचं पत्र लागेल. हजसाठी महिन्याची रजा मंजूर झाल्याचं. नाहीतर मागच्या नंबरवाल्याला देतात."

हजची खास रजा नोकरीत एकदाच मिळते. पूर्वी घेतलेली नाही, असं प्रमाणपत्र अर्जाला जोडावं लागतं. आणि प्रमाणपत्र मिळतं वैयक्तिक फाइल पाहून.

सोमवारी फतहल्लासाहेब अर्ज घेऊन डॉ. रुश्दींकडे गेले. "फाइल पाचव्या पातळीची आहे, साहेब. उगीच उघडायची कशाला? मी शब्द देतो ना."

"फतहल्ला, तुझ्या शब्दावर माझा जीव आहे," डॉ. रुश्दी म्हणाले. "पण सही माझी लागते. बयूमीला फाइल पाहू दे, त्याने लिहून दिलं की मी डोळे मिटून सही करतो."

फतहल्लासाहेब चहाच्या खोलीत गेले. साखरेचा डबा आणि बडीशेपेची बरणी यांच्यामध्ये संगणक मांडला होता, त्यावर वाफ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल.

"अम्म बयूमी, एक छोटंसं प्रमाणपत्र. पूर्वी हजची रजा घेतलेली नाही, एवढं लिहा आणि शिक्का मारा."

"लिहितो की. आधी बघतो."

"बघायचं काय त्यात? मी सांगतोय ना!"

"साहेब, तुम्ही सांगताय ते तुमच्या पातळीचं झालं," अम्म बयूमी शांतपणे म्हणाले. "जरा बाहेर उभे राहा. पडद्यावर नजर पडायला नको."

दार लोटलं गेलं. अम्म बयूमी वर्तमानपत्रातलं फुटबॉलचं पान वाचण्याइतके शिकले होते, त्यामुळे वाचायला वेळ लागला. बाहेर फतहल्लासाहेब भिंतीवरच्या आग विझवायच्या सूचना पहिल्यांदाच पूर्ण वाचत होते. दहा मिनिटांनी दार उघडलं. अम्म बयूमींनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं. रागाने नाही, हसून नाही. नुसतंच पाहिलं.

"चहा घ्या, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही दोन चमचे घेता ना? आज तीन टाकतो."

फतहल्लासाहेबांनी ओळखलं. अम्म बयूमींनी ते वाचलं होतं.

ते असं होतं. चोवीस वर्षांपूर्वी फतहल्लासाहेब तंता शहरातल्या शाखेत होते आणि करीमाशी त्यांचं लग्न ठरलेलं होतं. सासऱ्यांनी बजावलं होतं, "महिन्याभरात कैरोतला फ्लॅट रंगवून तयार नसेल तर अंगठी परत." रंगाऱ्याला बोलावायची ऐपत नव्हती आणि वर्षाची रजा फ्लॅट शोधण्यातच संपली होती. तेव्हा तरुण फतहल्लाने हजची रजा घेतली आणि महिनाभर दार आतून बंद करून चारही खोल्या पिस्त्याच्या रंगाने रंगवून काढल्या. कामावर परतताना त्याने तंताच्या बाजारातलाच खजूर घेतला आणि मदिनेचा म्हणून वाटला. पुढची चार वर्षं तंतात सगळे त्याला हाजी म्हणत. कैरोला बदली झाली तेव्हा तो पुन्हा साधा फतहल्ला झाला. फाइल मात्र त्याच्याबरोबर बदलून आली होती. ती पाचव्या पातळीत टाकताना त्यांना वाटलं होतं, की आता ही ओळ फक्त आपण पाहू. एका पंख्याच्या भीतीने सगळा घोटाळा झाला.

"अम्म बयूमी," त्यांनी सुरुवात केली, "तुम्ही आत जे वाचलंत..."

"काय वाचलं?"

"तेच... ते..."

"साहेब, फाइलीत काय आहे हे मला विचारायची तुम्हाला परवानगी नाही," अम्म बयूमी म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारलेला एक कागद पुढे केला. त्यावर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : 'रजा घेतली किंवा घेतली नाही, ही माहिती पाचव्या पातळीची असल्याने कळवता येत नाही.'

संपलं, असं फतहल्लासाहेबांना वाटलं. तो कागद घेऊन ते डॉ. रुश्दींकडे गेले ते केवळ रीत म्हणून. पण डॉ. रुश्दींनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! काय सुंदर कागद आहे! यात कुणाचीच जबाबदारी नाही!"

"म्हणजे, साहेब?"

"अरे, यावर रजा मंजूर केली तर ती चूक आहे असं म्हणणार कोण? तसं म्हणायला पाचवी पातळी लागते, आणि ती तर माझ्याकडेही नाही. उद्या टाइप करून आण. सही देतो."

मंगळवारी सही झाली. फतहल्लासाहेबांच्या खिशात पत्र आलं. बुधवारपर्यंत कार्यालयात बातमी पसरली, की शर्नूबीसाहेबांची हजची रजासुद्धा पाचव्या पातळीची आहे, म्हणजे तिकडे त्यांना सरकारने काहीतरी नाजूक काम दिलेलं असणार. नकाशेवाले त्यांना पाहून उठून उभे राहू लागले.

बुधवारी संध्याकाळी करीमाबाई हजसाठीच्या आपल्या पांढऱ्या कपड्याला दोरा घालत होत्या. भिंती अजून पिस्त्याच्याच होत्या. तो रंग त्यांना कधी आवडला नव्हता, पण त्यांनी तो कधी बदलूही दिला नाही.

"उद्या ऑफिसात सगळ्यांची माफी माग," त्या म्हणाल्या. "एकालाही वगळू नकोस. कुणाच्या मनात तुझ्याबद्दल काही राहिलं, किंवा तुझ्या मनात तुझं काही राहिलं, तर तिथे जाऊन काय उपयोग?"

फतहल्लासाहेब रात्रभर कूस बदलत राहिले. खिशातल्या पत्राची त्यांना लाज वाटू लागली. एकदा खोटं बोलून बायको मिळवली, त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. पण खुद्द काबागृहापुढे खोट्या कागदावर उभं राहायचं, हे त्यांना सोसवेना.

गुरुवारी सकाळी ते टेबला-टेबलांवरून फिरले. "मला माफ करा, काही चुकलं असेल तर." इन्शिराहबाई रडल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी माझा स्टेपलर नेलात तोसुद्धा माफ." नकाशेवाल्यांनी मिठ्या मारल्या. शेवटी उरली चहाची खोली. तिथे जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"अम्म बयूमी, मला माफ करा."

"केलं, साहेब. कशाबद्दल?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला पुष्कळ माहीत आहे. मी म्हणतोय, तुम्ही सांगा."

मग फतहल्लासाहेबांनी सांगितलं. सासरा, फ्लॅट, पिस्त्याचा रंग, तंताचा खजूर, सगळं. सांगताना ते साखरेच्या पोत्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "हे पत्र मी फाडतो," ते शेवटी म्हणाले. "करीमाला काय सांगायचं तेवढं कळत नाहीये. अकरा वर्षं वाट पाहिली हो तिने."

अम्म बयूमींनी गॅस बारीक केला. "तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंत. म्हणजे ती ओळ आता गुप्त राहिली नाही. तिच्याबद्दल आपण बोलू शकतो." त्यांनी किटलीवर झाकण ठेवलं. "पण तिच्या खालची ओळ अजून गुप्त आहे."

"खालची कोणती?"

"ती मला सांगता येत नाही."

"अम्म बयूमी, जिवाला घोर लावू नका!"

"नियम आहे." अम्म बयूमींनी कप विसळला. "मी तर काही सांगत नाही. पण तुमच्या जागी मी असतो, तर हे हजच्या रजेचं लफडं सोडून साध्या रजेचा अर्ज टाकला असता. चाळीस दिवसांचा."

"साधी रजा? मला कुठली चाळीस दिवसांची साधी रजा! तंताहून आलो तेव्हा सांगितलं होतं, मागची सगळी बुडाली."

"कुणी सांगितलं होतं?"

"तिथल्या दप्तरवाल्याने."

"त्याने फाइल पाहिली होती?"

दप्तरवाले फायली पाहत नाहीत, हे फतहल्लासाहेबांइतकं कुणाला ठाऊक असणार?

"अर्ज करायला काय, माणूस कितीही दिवसांचा करतो," अम्म बयूमी म्हणाले. "साध्या रजेला प्रमाणपत्र लागत नाही. संगणक स्वतःच शिल्लक बघतो. हिरवा तर हिरवा, लाल तर लाल. साडेअकरा वाजलेत, साहेब."

फतहल्लासाहेब धावले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कार्यालयात धावले. साध्या रजेच्या रकान्यात चाळीस आकडा भरला, डोळे मिटून बटण दाबलं, आणि डोळे उघडले तेव्हा पडदा हिरवागार झाला होता. वीस वर्षांपूर्वीची तंतातली रजा तशीच साठून होती. ती पाहायची त्यांना परवानगी नव्हती, आणि ही परवानगी नसावी असा ठराव त्यांनी स्वतःच मांडला होता.

डॉ. रुश्दी जरा हिरमुसले. "आधीचा कागद किती छान होता," ते म्हणाले, पण त्यांनी सही केली. पत्र बारा वाजायला पाच मिनिटं असताना पोचलं.

हजहून परतलेल्या फतहल्लासाहेबांनी मदिनेचा खजूर वाटला, या खेपेला खरोखर मदिनेचा. सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणू लागले, आणि प्रत्येक हाकेला त्यांना बरं वाटत होतं. त्याच भरात त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीत नवा ठराव मांडला. "वैयक्तिक फायली पाचव्या पातळीतून काढा. ज्याची त्याला पाहू द्या, आणि त्याच्या विभागालाही. लपवण्यासारखं असतं काय आपलं? मीच सुरुवात करतो. तंतात असताना मी हजची रजा घेतली आणि घराला रंग दिला."

कुणी हसलं नाही. इन्शिराहबाईंनी पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला. नकाशेवाल्यांपैकी दोघांना एकाच वेळी खोकला आला. डॉ. रुश्दी तर पांढरेफटक पडले.

"फतहल्ला! तू आत्ता भर बैठकीत पाचव्या पातळीची माहिती फोडलीस!"

"साहेब, पण ती माझीच होती!"

"कुणाचीही असो! आज तू तुझी फोडलीस, उद्या माझी फोडशील!"

ठराव एका मताविरुद्ध आठ मतांनी फेटाळला गेला. इतकी एकजूट या कार्यालयाने पगारवाढीच्या मागणीतही दाखवली नव्हती. माहिती फोडल्याबद्दल हाजी फतहल्ला शर्नूबी यांना कडक ताकीद द्यायचं ठरलं. ताकीद त्यांच्या वैयक्तिक फाइलीत ठेवण्यात आली. त्यामुळे ती त्यांना वाचायला मिळाली नाही.

एवढ्यात अम्म बयूमी ट्रे घेऊन आत आले. वातावरण एकदम मऊ झालं. डॉ. रुश्दींनी त्यांच्यासाठी स्वतः दार धरलं, इन्शिराहबाईंनी त्यांच्या सुनेची चौकशी केली, नकाशेवाल्यांनी ट्रेसाठी जागा करून दिली. अम्म बयूमींनी कुणालाही काही न विचारता प्रत्येकाच्या पुढे त्याचा त्याचा कप ठेवला. कुणाला किती साखर लागते ते त्यांना पाठ होतं. बाकीचंही होतं.